परब काकांची रविवारची बायको

मी आजवर सात वेळा परब काकांची बायको झाले आहे, आणि त्यातल्या सहा वेळा माझ्या सख्ख्या नवऱ्याने मला खाली रिक्षापर्यंत सोडलं आहे.

हे वाचून तुम्हाला जो धक्का बसला असेल, त्याच्या दुप्पट मला पहिल्या दिवशी बसला होता. मी तशी लगेच हादरणारी बाई आहे. दाराची बेल वाजली तरी माझ्या हातातला चमचा पडतो. पण त्या शनिवारी सकाळी कोणीही हादरलं असतं. समोरच्या दारातले परब काका, वय सत्तरच्या पुढे, कडक इस्त्रीचा बुशशर्ट, खिशाला दोन पेनं, आमच्या हॉलमध्ये येऊन बसले. चहा घेतला. कप खाली ठेवला आणि माझ्या नवऱ्याला म्हणाले, "सुहास, उद्या चार ते सात वैशालीला माझी बायको म्हणून नेऊ का? सातला आणून सोडतो."

सुहास पेपर वाचत होता. त्याने पान उलटलं आणि रात्रीच्या जेवणाचं काय, एवढंच विचारलं. मला त्या दिवशी दोन पुरुषांचा धक्का बसला. जास्त कोणाचा बसला, ते अजून ठरलेलं नाही.

परब काका मूळचे मालवणकडचे. वडील गिरणीत होते, काका मात्र सरकारी नोकरीत वजनमापांचे निरीक्षक झाले. म्हणजे दुकानदाराचा तराजू बरोबर आहे का, किलोत किलोच मावतो का, हे तपासणारा माणूस. निवृत्त होऊन बारा-तेरा वर्षं झाली तरी त्यांच्या पँटच्या खिशात पन्नास ग्रॅमचं पितळी वजन असतं. भांडुपच्या मंडईत ते दिसले की भाजीवाले घाईघाईने चार मिरच्या जास्त टाकतात, आणि काका त्या मोजून परत काढून ठेवतात. "जास्त नको. पुरं माप द्या," हे त्यांचं पालुपद. एकदा तर त्यांनी सोसायटीच्या गणपतीत प्रसादाचे पेढे वजन करून वाटले होते. शेवटचे तीन पेढे कोणाला द्यायचे यावर त्या वेळी सभा घ्यावी लागली.

त्यांचं दुसरं पालुपद म्हणजे "घरी विचारून सांगतो." गच्चीवर पाण्याची नवी टाकी बसवायची का? घरी विचारून सांगतो. काका, मोतीबिंदू काढून टाका ना. घरी विचारून सांगतो. नलिनी काकी होत्या तेव्हा ते खरंच जाऊन विचारायचे. काकी जाऊन चार वर्षं झाली, वाक्य तसंच राहिलं. आम्हाला त्याची इतकी सवय झाली होती की त्यात काही चुकतंय हे कोणाच्या लक्षातही आलं नाही.

काकींबद्दल सांगायचं तर शांत बाई. एकच वेड होतं, स्वेटर विणण्याचं. भांडुपमध्ये, भर मे महिन्यात, पंख्याखाली बसून जाड लोकरीचे स्वेटर विणणारी बाई मी दुसरी पाहिलेली नाही. आम्ही बायका हसायचो. त्याही हसायच्या आणि पुढचा टाका घालायच्या.

तर, रविवारची गोष्ट. तुम्हालाही कधी असा फोन आला असेल. मॉलच्या दारात तुम्ही एखादं कूपन भरलेलं असतं, आणि आठवड्याने गोड आवाजात कळतं की तुम्ही भाग्यवान विजेते आहात, तीन दिवसांची सहल फुकट, फक्त अमुक हॉटेलच्या हॉलमध्ये येऊन बक्षीस घेऊन जा. अट एकच. पती-पत्नी दोघांनी यायचं. एकट्याला प्रवेश नाही. तिथे बक्षीस बाजूला राहतं आणि सुट्टीचा आठवडा विकतात. म्हणजे आज एकदाच मोठी रक्कम भरा, आणि पुढची पंचवीस वर्षं दरवर्षी एक आठवडा डोंगरात नाहीतर समुद्रावर आमच्या हॉटेलात राहा. कागदावर आठवडा मिळतो. प्रत्यक्षात फोन केला की तो आठवडा कधीच रिकामा नसतो, आणि देखभालीचा खर्च मात्र दरवर्षी न चुकता मागितला जातो.

काकांनी अशा हॉलमध्ये घुसून लोकांना सहीपासून वाचवायचं काम अंगावर घेतलं होतं. अडचण एवढीच की घुसायला बायको लागते.

"पण मीच का?" मी विचारलं.

"तू दचकतेस," काका म्हणाले. "घाबरलेली बायको बघितली की ती माणसं गाफील राहतात."

पहिली मोहीम अंधेरीला होती. रिक्षा आरे कॉलनीतून निघाली, दोन्ही बाजूंना झाडी, मध्येच म्हशींचा वास, आणि काका माझ्याकडून पाठांतर करून घेत होते. नाव सौ. परब. लग्नाला अठ्ठेचाळीस वर्षं. मी म्हटलं, काका, मी एकावन्न वर्षांची आहे. काकांनी थोडा विचार केला आणि लग्न अलीकडे आणलं.

हॉलमध्ये पाय ठेवला आणि माझं काळीजच हललं. कानठळ्या बसवणारं संगीत, वीस-पंचवीस गोल टेबलं, प्रत्येक टेबलावर एक जोडपं आणि समोर टायवाला विक्रेता. मध्येच फाडकन आवाज झाला. मी खुर्चीतून उठलेच. कोणीतरी सही केली होती, म्हणून फुगा फोडला होता. मग सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. दर दहा मिनिटांनी फुगा, दर दहा मिनिटांनी मी उभी. आमच्या टेबलावरचा विक्रेता माझ्यावर खूश झाला.

त्याने काकांना विचारलं, "सर, आपका सपना क्या है?"

"पुरं माप," काका म्हणाले.

मग काकांनी खिशातून भिंग काढलं आणि कराराची बारीक अक्षरं मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "आठवडा उपलब्धतेनुसार. म्हणजे नसला तर नाही. बरं. पैसे कोणत्याही परिस्थितीत परत नाहीत. बरं." शेजारची दोन टेबलं ऐकू लागली. विक्रेता म्हणाला, ही किंमत फक्त आजच्यापुरती आहे. काकांनी भिंगातून त्याच्याकडे पाहिलं आणि उद्या किमतीला काय होतं, असं अगदी आपुलकीने विचारलं. विक्रेत्याने मॅनेजरला बोलावलं. मॅनेजरने किंमत निम्मी केली. मी थक्क झाले. पंधरा मिनिटांत ज्या वस्तूची किंमत निम्मी होते ती वस्तू मुळात आहे तरी काय, असा विचार माझ्या मनात पहिल्यांदाच आला.

"घरी विचारून सांगतो," काका म्हणाले आणि उठले.

"पण सर, मॅडम तर इथेच आहेत," मॅनेजर म्हणाला.

परतताना रिक्षात काकांनी मला त्या धंद्याची मेख सांगितली. जोडीने बोलावतात ते पाहुणचारासाठी नाही. आपल्या माणसाला कोणी गळ घातली की तो काय म्हणतो? घरी विचारून सांगतो. म्हणून हे घरच उचलून आणून शेजारच्या खुर्चीत बसवतात. मग विचारणार कोणाला? बायको शेजारी हसत असते, आणि तिच्यासमोर नाही म्हणणं पुरुषाला जड जातं. हे सांगताना काका बाहेरच्या झाडांकडे बघत होते. त्यांना हे इतकं आतलं कसं माहीत, हे विचारायचं मला सुचलं नाही.

पुढे आमची पद्धत बसून गेली. मध्यंतरात काका पुरुषांच्या वॉशरूममध्ये जात आणि हात धुणाऱ्या प्रत्येकाला आरशातून म्हणत, "सही करूची नाय. घराक जावा." बायकांची बाजू माझ्याकडे. पहिल्यांदा माझ्या तोंडातून शब्द फुटेना. तिसऱ्या वेळेपर्यंत मी लिपस्टिक लावणाऱ्या बाईला थेट सांगू लागले की नवऱ्याचं पेन पर्समध्ये टाका आणि चला. एकदा मनोरीला एका कॉटेजमध्ये कार्यक्रम होता. मार्व्याच्या जेटीवरून फेरीबोटीने सगळ्यांना पलीकडे नेलं आणि तिथे सांगितलं की परतीची सोय सहाला. लोकांना वाटलं, आता सहापर्यंत अडकलो. काका उभे राहिले आणि म्हणाले की फेरी सगळ्या गावाची आहे, जेटी चालत वीस मिनिटांवर आहे, ज्याला यायचं त्याने या. अकरा जोडपी उन्हातून आमच्या मागे चालत निघाली. मी इतकी घाबरले होते की चप्पल कॉटेजच्या दाराशीच विसरले आणि अनवाणी चालले.

सहावी मोहीम घाटकोपरला. ती मी मरेपर्यंत विसरणार नाही. त्याच्या आधीच्या महिन्यात मला ताप होता, म्हणून काका दुसऱ्या मजल्यावरच्या जोशी बाईंना घेऊन गेले होते. मला ते माहीतच नव्हतं. घाटकोपरच्या विक्रेत्याने काकांना ओळखलं, आणि आम्हाला हाकलण्याऐवजी खवचटपणे मोठ्याने म्हणाला की सर, मागच्या वेळी मुलुंडला मॅडम वेगळ्या होत्या.

मला नेमकं काय झालं ते सांगता येणार नाही. राग आला, आणि तो खरा होता. मी उठून उभी राहिले आणि हॉलभर ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "कोण होती ती?"

संगीत थांबलं. काका खरोखर घाबरले. "जोशी बाई," ते पुटपुटले. म्हणजे मी आजारी असताना, मी विचारलं. मग मला थांबता येईना. डोळ्यांत पाणी आलं. मॅनेजर पाण्याचा ग्लास घेऊन धावला, शेजारच्या टेबलावरच्या एका बाईने मला मिठीत घेतलं आणि आपल्या नवऱ्याकडे संशयाने पाहू लागली. त्या गडबडीत निम्मा हॉल रिकामा झाला. त्या दिवशी एकही फुगा फुटला नाही.

रिक्षात बसल्यावर काका हसायला लागले. खोकला येईपर्यंत हसले. काकी गेल्यानंतर त्यांना असं हसताना मी प्रथमच पाहत होते. "गो, तू तर माझी वाट लावलीस," ते म्हणाले, आणि चष्मा काढून डोळे पुसले.

अशा माणसाला कोणी फसवू शकेल असं मला कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

काकांची एक गोष्ट मात्र मला कळत नसे. गुरुवारी चार वाजता ते कोणालाही भेटत नसत. दुपारी तीनलाच आंघोळ, धुतलेला शर्ट, दार लोटलेलं, असं जोशी बाई सांगत. मला वाटायचं, गुरुवार आहे, पोथी वाचत असतील. एका गुरुवारी मी ऑफिसातून रजा घेऊन घरी होते. अळूवड्या केल्या होत्या, त्या गरम गरम द्याव्यात म्हणून चारच्या सुमारास त्यांचं दार ढकललं, तर काका फोनवर बोलत होते. आवाज इतका मऊ की मी दारातच थांबले.

"हां, अंदर है," ते म्हणत होते. "घुटना अभी ठीक है. थोडा चलती है."

 आत कोण बाई आहे? मी मान वळवून स्वयंपाकघरात पाहिलं. ओट्यावर एक कप उलटा वाळत होता. आत कोणीही नव्हतं.

काकांनी फोन ठेवला आणि मला पाहिलं. लपवायचा प्रयत्नही केला नाही. टीपॉयवर प्लास्टिकच्या पिशवीतला जुना करार होता. त्यावर दोन सह्या होत्या, एक दत्ताराम परब आणि एक नलिनी परब. डोंगरातल्या एका हॉटेलचा दरवर्षीचा एक आठवडा.

म्हणजे त्यांनीही सही केली होती. सोळा वर्षांपूर्वी, अशाच एका हॉलमध्ये. काकींना तोंडातून वाफ निघते अशी थंडी एकदा बघायची होती. विक्रेत्याने बर्फाचा फोटो दाखवला, त्या हसल्या, आणि आयुष्यभर दुसऱ्यांची मापं तपासणाऱ्या माणसाने न वाचता सही केली. मग दरवर्षी फोन करायचा, दरवर्षी आठवडा रिकामा नाही. काकी दरवर्षी नवा स्वेटर विणायच्या. निरीक्षक फसला हे भांडुपला कळू नये म्हणून त्यांनी शेवटपर्यंत कोणाला सांगितलं नाही. आम्ही हसायचो, त्याही हसायच्या. हे ऐकताना मला त्या हसण्याची लाज वाटली.

आणि आताचा फोन? तो रिया नावाच्या मुलीचा होता, चार महिने दर गुरुवारी येणारा. तुमच्या आठवड्याला दुबईचं गिऱ्हाईक मिळालंय, भरपूर पैसे देणार आहे, फक्त हस्तांतराची फी तुम्ही आधी भरायची. करारावर दोन नावं असल्यामुळे मॅडमची संमती हवी. काकांनी पहिल्याच दिवशी सवयीने सांगितलं होतं, घरी विचारून सांगतो. तेव्हापासून ती दर आठवड्याला विचारत होती. आज मात्र तिने निर्वाणीचं सांगितलं होतं. दहा मिनिटांत पुन्हा फोन करते, फी भरा, नाहीतर गिऱ्हाईक जाईल आणि मी पुन्हा फोन करणार नाही. काकांच्या मोबाइलवर बँकेचं पान उघडंच होतं. फीला जाणार होती ती त्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ठेवलेली रक्कम.

"काका, हे गिऱ्हाईक-बिऱ्हाईक काही नसतं. फी घेतात आणि गायब होतात. हे तर तुम्हीच मला शिकवलंत."

"माका सगळा ठावक आसा गो. पहिल्या फोनपासून."

"मग पैसे कशाला भरताय?"

काकांनी खिशातलं पितळी वजन काढलं आणि तळहातावर धरून बसले.

"ती नलूबद्दल विचारते," ते म्हणाले. "आंटी कशी आहे, जेवली का, गुडघा काय म्हणतो. चार वर्षांत दुसऱ्या कोणी विचारलं?"

मी आयुष्यात खूप वेळा हादरले आहे, बहुतेक वेळा उगाचच. त्या दिवशी हादरले ते खरं. त्यांच्या दारापासून माझं दार सात पावलांवर. गेलेल्या माणसाबद्दल विचारू नये, त्यांना त्रास होईल, अशा समजुतीने मी चार वर्षं काकींचं नावसुद्धा काढलं नव्हतं. मला ते शहाणपण वाटत होतं. आणि एक ठग मुलगी, पैशासाठी का होईना, दर गुरुवारी ते नाव घेत होती.

फोन वाजला. काकांचा हात पुढे आला, त्याआधी मी उचलला.

"मैं मिसेस परब बोल रही हूँ," मी म्हटलं.

पलीकडे एकदम आनंदाचा पूर. आंटी, कितनी खुशी हुई, अंकल कितनी बातें करते हैं आपकी, बस फी का देख लीजिए. मी तिला बोलू दिलं. मग सांगितलं की घरी विचारलं, आम्हाला काही विकायचं नाही, आणि हा नंबर आम्ही आज पोलिसांना देतोय. रियाने फोन कापला. ही माझी सातवी वेळ.

काका रागावले नाहीत. त्यांनी मोबाइलवरचं बँकेचं पान बंद केलं. मग म्हणाले, "नलू असा बोलत नाय. ती आधी समोरच्याक जेवलंस काय विचारी."

पुढच्या गुरुवारी मी ऑफिसात होते. पावणेचारपासून घड्याळ बघत होते. चार वाजता मी काकांना फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला. मला काय बोलावं कळेना, म्हणून विचारलं, "काकींचा गुडघा मुळात दुखायला कधी लागला हो?"

विचारल्याबरोबर मला वाटलं, चुकलं माझं. पण काका बोलायला लागले, आणि मी साडेचारपर्यंत फाइल उघडी ठेवून ऐकत राहिले. तेव्हापासून गुरुवार माझ्याकडे आहे. रविवारची पुढची मोहीम अजून ठरायची आहे, पण मला ताप आला तरी आता जोशी बाईंना नेणार नाही, असं काकांनी कबूल केलंय.

गेल्या आठवड्यात सुहासने डिसेंबरसाठी महाबळेश्वरला खोल्या घेतल्या. साधं लॉज, तीन दिवस, करारबिरार काही नाही. पहाटे तिथे तोंडातून वाफ निघते, असं लॉजवाल्याने फोनवर सांगितलं. मी समोर जाऊन काकांना म्हटलं, तुमची खोली पण सांगितली आहे, येताय ना?

"घरी विचारून सांगतो," काका म्हणाले आणि दार लोटलं.

आधीची मी असते तर हसले असते. या वेळी आमच्या दारातच उभी राहिले. आतून कपाट उघडल्याचा आवाज आला. पंधराएक मिनिटांनी दार उघडलं. काकांच्या हातात तपकिरी लोकरीचं काहीतरी होतं.

"इचारलंय," ते म्हणाले. "जाऊया म्हणता ती."

"मग स्वेटर दोन घ्या," मी म्हटलं.